आक्काच्या बागेचे रंग उतरवताना

सांगलीत आम्हा हौशी फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. रविवारी सकाळी एका टपरीवर जमायचं, एकमेकांचे फोटो बघायचे आणि चहा पीत वाद घालायचे. अशाच एका रविवारी ठरलं, की उन्हाळ्यात प्रदर्शन भरवायचं. विषय निसर्ग, आणि फोटो सगळे कृष्णधवल. ही कल्पना उचलून धरणाऱ्यांत मी पुढे होतो. पोटासाठी माझा पलूसमध्ये स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेच्या फॉर्मवरचे फोटो. नवरीच्या शालूचा रंग जरा इकडचा तिकडे झाला तर घरी येऊन भांडणारी माणसं मी पाहिलीत. त्यामुळे रंग नकोतच, असं मला मनापासून वाटायचं. रंग काढले की डोंगराचा खरा बांधा दिसतो, असं मी चारचौघांत बोलायचोही.

पण माझ्याकडे जे होतं ते सगळं रंगीत. कास पठारावरची फुलं, पाटणच्या पठारावरच्या पवनचक्क्या, कृष्णाकाठचं धुकं. ते सगळं कृष्णधवल करायचं होतं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मी संगणकापुढे बसायला लागलो. वाटलं होतं, एक बटण दाबलं की झालं. तसं होत नाही. सरसकट रंग काढले की फोटो मरगळतो. लाल आणि हिरवा हे डोळ्याला एवढे वेगळे रंग, पण रंग काढल्यावर दोघांचाही राखाडी जवळपास एकच निघतो. मग एकेक रंग वेगळा धरून त्याचा राखाडी उजळ किंवा गडद करावा लागतो. निळा दाबला की आभाळ काळवंडतं आणि ढग उठून येतात. पिवळा चढवला की वाळलेलं गवत चमकतं. हे एकदा हाताला बसलं आणि मला त्याचा नादच लागला.

अडलो तो आक्काच्या बागेपाशी.

आक्का माझी मोठी बहीण. आमचं गाव पलूसजवळ, उसातलं. बारा महिने हिरवं, आणि ऊस वाढला की समोरचा माणूसही दिसत नाही. आक्काला दिली आटपाडीकडं. दाजी फौजेत होते, एवढं बघून वडिलांनी ती दुष्काळी बाजू मान्य केली. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा त्या मोकळ्या माळाकडे बघतच राहिलो. लांबवर उघडे डोंगर, तांबडी माती, मेंढरांचा कळप पुढे सरकताना मागे उठणारी धूळ. माझा पहिला बरा फोटो तिथलाच. आक्का पुढे चालायची, मी कॅमेरा घेऊन मागे. ती मध्येच थांबायची आणि म्हणायची, "हितनं काढ. ती लाल माती आन् मागचं निळं डोंगार एकदम येत्यात बग." ती सांगायची तिथनं काढलेला फोटो सहसा वाया जायचा नाही.

दाजी पेन्शनीत आल्यावर दोघांनी डाळिंब लावलं. ठिबकच्या पाण्यावर बाग चांगली आली. मागच्या हंगामात तोडणीच्या आदल्या दिवशी मी काढलेला एक फोटो होता. खाली फळांनी लवलेल्या झाडांच्या ओळी, मागे बोडका डोंगर. रंगीत होता तेव्हा त्यातली डाळिंबं दिव्यांसारखी दिसायची. रंग काढले आणि डाळिंबं गेली. झाडं राहिली, डोंगर राहिला, फळ शोधून दिसेना. लाल चढवून आणि हिरवा दाबून बघितलं तर फळं चुन्याच्या गोळ्यांसारखी पांढरीफटक दिसायला लागली. चार-पाच तऱ्हा करून ठेवल्या आणि ठरवलं, आक्कालाच विचारू. तसंही तिच्याकडे जायचं होतं.

कारण आक्का तेव्हा आजारी होती. मानेत गाठी आल्या होत्या. तपासणीत टीबी निघाला. फुप्फुसाचा नव्हे, गाठींचा. सरकारी दवाखान्यातनं गोळ्या सुरू झाल्या होत्या. घाबरण्यासारखं काही नाही, कोर्स पूर्ण केला की बरं होतं, असं सगळेच सांगत होते, आणि गाठी उतरतही होत्या. दाजींनी गोळ्यांची जबाबदारी स्वतःकडे घेतलेली. रोज सकाळी ठरल्या वेळी एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात गोळ्या घेऊन ते तिच्यापुढे उभे राहायचे. ती गिळेपर्यंत हलायचे नाहीत. आक्का हसायची, "परेड हाय आमच्या घरात."

मी लॅपटॉप घेऊन गेलो तेव्हा बागेची तोडणी चालू होती. आक्का सोप्यात बसली होती. मला ते नवलच वाटलं, कारण तोडणीच्या दिवसांत ती कधी घरात सापडायची नाही. कुठलं फळ आज तोडायचं आणि कुठलं चार दिवस ठेवायचं, हे तिच्या नजरेवर चालायचं. विचारलं तर म्हणाली, "दमल्यागत हुतंय." मला ते पटलं.

चहा झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. आधी मूळ फोटो दाखवावा म्हणून रंगीत बाग लावली. आक्का पडद्याजवळ वाकली, जरा लांब झाली, पुन्हा वाकली.

"ह्येचं रंग काढल्यास व्हय?" तिनं विचारलं.

मला वाटलं, चेष्टा करते. "आक्का, ह्यो रंगीतच हाय. काढल्यालं म्होरं हाईत."

मी हसत दाजींकडे बघितलं. दाजी हसत नव्हते.

"तिला इचार," ते म्हणाले, "परवा तोडल्याला माल माघारी का आला ते."

"आवं, सांगू नगासा," आक्का म्हणाली.

"का न्हाई सांगायचं? निम्मी फळं कच्ची. हिरवीगार. हिनं तोडल्याली." मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, ताप हाय, ध्यान लागत नसंल."

मी आक्काला विचारलं, या फोटोत डाळिंबं कुठं आहेत ते दाखव. तिनं बोट उचललं, पडद्यापाशी नेलं आणि तिथंच ठेवलं. बोट एका फांदीवर होतं. फांदीवर नुसती पानं होती.

त्या दुपारी मी जे केलं ते का केलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. तोच फोटो ठेवून मी त्यातला फक्त लाल रंग हळूहळू उतरवत नेला. डाळिंबं फिकी झाली, मातकट झाली, शेवटी राखेसारखी झाली.

"काय बदललं का, आक्का?"

"न्हाई."

मग हिरवा उतरवला. पानं गेली, बांधावरचं गवत गेलं. माझ्या डोळ्यांपुढे अख्खी बाग सुकून गेली.

"आता?"

"हाय तसंच हाय की."

मागे उभे असलेले दाजी खाली वाकून बघत होते. त्यांना सगळं दिसत होतं. मी शेवटी निळ्याला हात घातला. तो उतरायला लागला तशी आक्का एकदम म्हणाली, "आता काय केलंस? आभाळ गेलं की रं."

मग आक्काच बोलायला लागली, अगदी साध्या आवाजात. महिना-दीड महिना असं होतंय. आधी वाटलं, उन्हाचं असेल. नंतर सुईत दोरा जाईना. एस्टीची पाटी वाचता येईना. कुंकू लावताना आरशात ते कपाळावर दिसेना, बोटानं चाचपून बघायला लागली.

"सांगितलं का न्हाईस?" मी विचारलं.

"सांगून काय, गोळ्यांनीच हुतंय म्हणून त्या बंद केल्या आस्त्या. परत पयल्यापासनं कोर्स. म्हटलं, गाठी जाऊ देत. डोळ्याचं मागनं बगू."

दुसऱ्याच दिवशी मी तिला आणि दाजींना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळं तपासलं आणि मग एक पुस्तक काढलं. त्याच्या पानापानावर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. मी आक्काच्या शेजारीच बसलो होतो. पहिल्याच पानावर आठचा आकडा मला ढळढळीत दिसत होता. तांबड्या ठिपक्यांचा, हिरव्या ठिपक्यांत.

"काय दिसतंय, मावशी?"

"खडी."

डॉक्टरांनी पान उलटलं. "यात?"

"ह्यात बी खडीच हाय," आक्का म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं, लहानपणी पाढे अडले की वडिलांकडे बघायची तसं. तिला आकडा सांगावा असं मला फार वाटलं. जणू मी हळूच सांगितला असता तर ती पास झाली असती.

डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागितली. दाजींनी पिशवीतून काढून रांगेत मांडली. डॉक्टरांनी त्यातल्या एका औषधावर बोट ठेवलं. हे औषध चांगलं आहे, लाखो लोक घेतात आणि बरे होतात, पण क्वचित एखाद्याच्या डोळ्याच्या नसेला ते सोसत नाही, असं त्यांनी सांगितलं. सुरुवात बहुतेक वेळा रंगांपासून होते. लाल आणि हिरवा आधी. त्यांनी आमच्यासमोरच टीबीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ते औषध त्याच दिवशी बंद झालं. बाकीची चालू राहणार होती.

"मग येतील न्हवं रंग परत?" दाजींनी विचारलं.

"काहींचे येतात. काहींचे थोडे येतात. वेळ लागतो."

"त्येला औषध?"

"वाट बघायची," डॉक्टर म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "यावर माझ्याकडे दुसरं काही नाही. असतं तर दिलं असतं."

बाहेर आल्यावर आक्का पाणी प्यायला नळाकडे गेली. दाजी जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. इतकी वर्षं बर्फात आणि वाळवंटात ड्युटी केलेला माणूस, मी त्यांना कधी खचलेलं पाहिलं नव्हतं. "एक दीस चुकू दिला न्हाई मी," ते म्हणाले. "माज्या हातानं दिल्या गड्या. रोज. माज्या हातानं." मी म्हणालो, दाजी, त्याच गोळ्यांनी गाठी उतरल्या, तुमी बरोबरच केलं. ते माझं बोलणं ऐकत नव्हते. आक्का तोंड पुसत परत आली तेव्हा त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही स्टँडकडे चालायला लागलो.

त्यानंतरचे महिने म्हणजे नुसती वाट बघणं. जमेल तेव्हा मी आटपाडीची गाडी धरायचो. जेवण झालं की आक्का स्वतःच म्हणायची, "आण तुजं मशीन." मी एक युक्ती काढली होती. एका फोटोचे दोन भाग करायचे. एका बाजूचा लाल-हिरवा पूर्ण काढायचा, दुसरी बाजू तशीच ठेवायची, आणि तिला विचारायचं, कुठली बाजू रंगाची. पहिल्या खेपेला ती म्हणाली, दोन्ही सारख्या. दुसऱ्या खेपेला तेच. अक्षरं मात्र सुधारत होती. एस्टीची पाटी तिला वाचता यायला लागली होती, सुईतही दोरा जात होता. डॉक्टर म्हणाले, ही चांगली खूण आहे. आम्ही त्या खुणेला धरून बसलो.

फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तेव्हा आक्का दारातच उभी होती. तोंडावर हसू. मी मशीन उघडलं, फोटो लावला. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "ही डावी बाजू जरा न्यारी वाटतीया बग. तांबूस तांबूस."

दाजी ताडकन उठले. "खरंच? खरंच दिसतंय?"

"थोडं थोडं. लय न्हाई. पन हाय."

दाजी आत गेले. साखर घेऊन आले. आधी तिच्या हातावर ठेवली, मग माझ्या.

मी पडद्याकडे बघत होतो. त्या दिवशी मी गडबडीत निघालो होतो. फोटोच्या दोन बाजू करायच्या राहून गेल्या होत्या. समोर होता तो प्रदर्शनासाठी तयार केलेला फोटो, सगळाच्या सगळा कृष्णधवल. त्यात रंग असा कुठंच नव्हता. बोलायचं की नाही, हे ठरवायला मला जितका वेळ लागला तितक्यात बोलायची वेळ निघून गेली. दाजी फोनवर कुणाला तरी सांगत होते, सुधारतंय म्हणून. तिला खरंच तसं वाटलं, की दाजींसाठी ती तसं म्हणाली, की माझ्यासाठी, हे मी तिला विचारलं नाही. तोंडातली साखर विरघळेपर्यंत गप्प बसलो आणि लॅपटॉप मिटला.

प्रदर्शनातून माघार घ्यावी असं मनात आलं होतं. रंग काढायला बसलो की हात चालायचा नाही. आधी जे कसब वाटायचं ते आता वेगळंच काही वाटायला लागलं होतं. लाल खाली, हिरवा खाली. पण नाव दिलं होतं, आणि आक्कालाही बघायला यायचं होतं. तिनं मागेच लागून मला फोटो पूर्ण करायला लावले. बागेचा फोटो मी वगळणार होतो. ती म्हणाली, "माज्या बागंचा न्हाई लावलास तर मी येनार न्हाई."

तो लावला. फार उजळ नाही, फार गडद नाही, अशी एक तऱ्हा निवडली. त्यात डाळिंबं जेमतेम दिसतात, नीट बघितलं तरच.

सांगलीच्या त्या हॉलमध्ये एप्रिलचा उकाडा होता. पंखे होते, वारा नव्हता. आक्का दाजींबरोबर आली. ती एकेका फोटोपुढे थांबत, हात पाठीमागे बांधून, शांतपणे चालली होती. आमच्या मंडळातला एकजण पाहुण्यांना समजावत होता, की रंग डोळ्याला भुलवतात, ते गेले की खरं चित्र उरतं. वाक्य माझंच होतं. रविवारच्या चहावर मीच ते कितीदा तरी बोललो होतो. पाहुण्यांनी माना डोलावल्या. त्यानं मला हाक मारून म्हटलं, "बरोबर ना?" मी मान हलवली. होय म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल.

आक्का तिच्या बागेच्या फोटोपुढे सगळ्यांत जास्त वेळ थांबली. शेजारी एक कॉलेजातली मुलगी फोटो बघत होती. आक्कानं तिला विचारलं, "बाळ, तुला डाळिंबं दिसत्यात का ह्यात?"

मुलीनं डोळे बारीक केले. "नाही हो, आजी. कुठं आहेत?"

आक्का माझ्याकडे वळली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावलेला दिसला. "हितं बरं हाय," ती म्हणाली. "हितं समद्यास्नी माज्यासारखंच दिसतंय."

तिला त्यात दुःख नव्हतं, खरंच बरं वाटत होतं. म्हणून तर माझ्याच्यानं तिथं उभं राहवेना. पाणी आणतो म्हणून मी बाहेर पडलो आणि रस्त्यावरच्या गर्दीत बराच वेळ नुसता उभा राहिलो. आत गेलो तेव्हा ती दाजींबरोबर कृष्णेच्या फोटोपुढे उभी होती आणि वाद घालत होती, की हा घाट अमुक गावचा आहे.

पावसाळ्यात टीबीचा कोर्स संपला. गाठी पूर्ण गेल्या. टीबीच्या डॉक्टरांनी हसून सांगितलं, पेशंट बरा झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुन्हा काढलं. आक्काला एका पानावर काहीतरी वळणासारखं दिसलं, बाकी खडीच. अक्षरांची नजर बहुतेक परत आली होती. रंगांबद्दल डॉक्टर म्हणाले, यापुढे फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. दाजींनी विचारलं, मुंबईला नेऊ का, पुण्याला नेऊ का. डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर न्या, पण तेही हेच सांगतील. दाजी पुण्याला घेऊन गेलेच. तिथंही हेच सांगितलं.

आता बागेतली तोडणी दाजी बघतात. आक्काही जाते. ती फळ हातात घेऊन त्याच्यावर टिचकी मारते, गोलपणा जाऊन कंगोरे आलेत का ते अंगठ्यानं चाचपते. तिची फळं बरीचशी बरोबर असतात, काही चुकतात. चुकलेली दाजी गुपचूप बाजूला करतात. तिला ते माहीत आहे. एकदा मी तिथं असताना ती म्हणाली, "टाकू देत. त्येंना वाटतंय, मला दिसत न्हाई."

या दिवाळीला भाऊबीजेसाठी मी पलूसच्या दुकानात साडी घ्यायला गेलो. दुकानदारानं सवयीनं एकामागून एक साड्या उलगडल्या. डाळिंबी, मोरपंखी, हिरवी, राणी कलर. "ताईंना कुठला आवडतो?" त्यानं विचारलं. मला माहीत होतं कुठला आवडायचा. मी बराच वेळ त्या ढिगापुढे उभा राहिलो. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी एक निळी घेतली, पिवळ्या काठाची, कारण ते दोन रंग तिला अजून दिसतात.

ओवाळून झाल्यावर आक्कानं घडी उलगडली. पदर उजेडात धरला. "निळी हाय," ती म्हणाली. "काठ पिवळं."

"व्हय."

"मला लाल आणायला काय झालं?" ती म्हणाली. "दिसत न्हाई म्हणून काय मी लाल नेसू नये?"

दाजी दारात उभे होते, ते अंगणाकडे बघायला लागले. आक्कानं साडीची घडी पुन्हा घातली, काठ जुळवून बाजूला ठेवली आणि मला फराळाचं ताट करायला उठली.